महापालिकेच्या एफड्या : एका करदात्याचा रिव्ह्यू, साडेतीन स्टार

साडेतीन स्टार देतोय आणि त्यातला एक सरळसरळ नशिबाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे खाली कुणी भांडायला नको.

रिव्ह्यू कशाचा, तर आपल्या महापालिका आपले पैसे बँकेत कसे ठेवतात त्याचा. हसू नका. वडापाववाल्याने चटणी कमी दिली तर आपण दोन स्टार ठोकतो, आणि घरपट्टी-पाणीपट्टीची पावती एकदा फाईलला लावली की ते पैसे पुढे कुठे जातात ते कुणाला पडलेलं नसतं. मला पण नव्हतं पडलं. मी पिंपरी-चिंचवडचा, निगडीकडे राहतो, बत्तीस फ्लॅटच्या सोसायटीचा खजिनदार आहे गेली नऊ वर्षं (ते पद दुसरं कुणी घेतच नाही), आणि हे वेड लागलं ते ५ मार्च २०२० च्या रात्री.

गुरुवार होता. जेवून टीव्ही लावला तर येस बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध, ३ एप्रिलपर्यंत खात्यातून ५० हजारांच्या वर काढता येणार नाहीत. सकाळी दूधवाल्याला फोनपे करायला गेलो तर फोनपे बंद, त्यांचं काम त्याच बँकेवर चालायचं. मी म्हटलं जाऊदे, आपलं खातं तिथे नाही, आपल्याला काय त्याचं. आणि मग बातमी आली की पिंपरी-चिंचवड महापालिकेचे ९८४ कोटींच्या आसपास त्या बँकेत आहेत. नाशिक महापालिकेचे पण तीनशे कोटींच्या वर. म्हणजे खातं माझं नव्हतं पण पैसे माझेच होते की.

आता गंमत बघा. त्या आदेशात सवलत होती, आजारपण, उच्च शिक्षण, लग्न असलं काही निघालं तर ५ लाखांपर्यंत काढायला परवानगी मिळू शकत होती. महापालिकेचं लग्न कुठून काढणार? आणि महिना कुठला तर मार्च. सगळे ठेकेदार बिलं घेऊन उभे, आर्थिक वर्ष संपत आलेलं, निधी खर्च करायची घाई, त्यात मध्येच होळी-धुळवड. ज्याने कुणी सरकारी ऑफिसात मार्च एंड बघितलाय त्याला कळेल की ९८४ कोटी अशा वेळी गोठणं म्हणजे काय असतं.

पुढचं माहितीच आहे. स्टेट बँक पुढे झाली, बरोबर आयसीआयसीआय, एचडीएफसी, ॲक्सिस, कोटक वगैरेंना घेऊन भांडवल घातलं, आणि १८ मार्चला संध्याकाळी ६ वाजता निर्बंध उठले. तेरा दिवस. ठेवीदाराचा रुपया बुडाला नाही. बुडाले ते त्या बँकेचे एटी-वन बॉन्ड (व्याज जास्त, पण बँक अडचणीत आली की शून्य होऊ शकणारे रोखे) घेतलेले लोक, आठ हजार चारशे कोटींच्या वरचे बॉन्ड शून्यावर आणले, आणि जुन्या शेअरवाल्यांचे तीन चतुर्थांश शेअर तीन वर्षं लॉक. आपल्या महापालिकेचे पैसे परत आले, सगळ्यांनी हुश्श केलं, विषय संपला.

माझ्यासाठी नाही संपला. कारण हा जो तेरावा दिवस आहे ना, तो हुशारीने नाही आला, बँक बुडू द्यायला परवडणार नाही इतकी मोठी होती म्हणून आला. त्याच्याच सहा महिने आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पीएमसी ही मुंबईची सहकारी बँक बंद पडली तेव्हा पहिल्या दिवशी लोकांना फक्त १००० रुपये काढता येत होते. एक हजार! ती बँक २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि ज्यांचे ५ लाखांच्या वर होते त्यांचे पैसे दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतील अशी योजना निघाली. राज्य तेच, रिझर्व्ह बँक तीच, फरक फक्त बँकेच्या आकाराचा. म्हणून म्हटलं एक स्टार नशिबाचा.

बरं, हे संकट आकाशातून पडलं होतं का? तर नाही. येस बँकेची कुरबुर कितीतरी महिने पेपरात येत होती, शेअर लोळत होता. तिरुपती देवस्थानाने काही महिने आधीच तिथून तेराशे कोटी काढून घेतले होते. वडोदरा महापालिकेच्या स्मार्ट सिटी कंपनीने तर निर्बंधांच्या आदल्याच दिवशी २६५ कोटी काढले. तिकडे पुरीच्या जगन्नाथाचे ५४५ कोटी एफडीत अडकले. म्हणजे बालाजी सुटला, जगन्नाथ अडकला आणि आमची महापालिका जगन्नाथाच्या रांगेत. पेपर वाचून पैसे हलवता येत होते हा मुद्दा आहे, कारण नंतर सगळे म्हणत होते की कुणाला काय माहीत होतं.

मग त्याच महिन्यात राज्य सरकारने सांगितलं की सरकारी खाती, महामंडळं, स्थानिक संस्था सगळ्यांनी पैसे राष्ट्रीयीकृत बँकांत ठेवा. आणि इकडे रिझर्व्ह बँक राज्यांना पत्र लिहून सांगतेय की घाबरून खासगी बँकांतून पैसे काढू नका. दोघांचं पण आपापल्या जागी बरोबर. रिझर्व्ह बँकेला अख्खी व्यवस्था सांभाळायची असते, सगळ्यांनी एकदम काढले तर धडधाकट बँक पण आडवी होईल. पण महापालिकेचं काम व्यवस्था सांभाळणं नाही, माझी घरपट्टी सांभाळणं आहे.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. २०२० मध्ये मी महापालिकेला यथेच्छ शिव्या घातल्या, सोसायटीच्या ग्रुपवर लांबच्या लांब मेसेज टाकले, आणि आमच्या सोसायटीच्या सिंकिंग फंडाची (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेले पैसे) १४ लाखांची पावती एका नागरी सहकारी बँकेत होती ती तिथेच राहिली. नाव घेत नाही. जवळची शाखा, मॅनेजर ओळखीचे, दिवाळीला डबा पाठवायचे. आमचे सेक्रेटरी काका म्हणाले होते, "अरे पाऊण टक्का जास्त देतायत, कशाला सोडायचं?" मी पण म्हटलं कशाला सोडायचं.

हिशोब करा. १४ लाखांवर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला साडेदहा हजार. बत्तीस फ्लॅटमध्ये वाटले तर प्रत्येकी ३२८ रुपये. वर्षाचे. महिन्याला एक चहा पण धड येत नाही त्यात (म्हणजे आमच्या टपरीवर येतो अजून, पण मोठ्या हॉटेलात नाही). आणि २०२२ च्या सुरुवातीला त्या बँकेवर निर्बंध आले. शाखेत गेलो तर बाहेर वॉचमन स्टुलावर, आत काउंटरवर एक बाई शांतपणे प्रत्येकाला तोच छापील कागद देतेय, आणि मॅनेजरने मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला. चहा चांगला होता. ठेव विम्याचे ५ लाख तीनेक महिन्यांत आले, कायदा बदलून ९० दिवसांची मुदत घातली होती म्हणून तेवढं तरी. उरलेले ९ लाख अजून अवसायकाकडे (बंद पडलेल्या बँकेची आवराआवर करणारा अधिकारी) आहेत. त्या वर्षी लिफ्टची मोटर जळाली आणि आम्ही प्रत्येकी वर्गणी काढली, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी चार आठवडे खाली उतरल्या नाहीत. वार्षिक सभेत एक पोरगा उठून म्हणाला, "काका, सगळे एकाच बँकेत का ठेवले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

आणि हेच मोठ्या आकड्यांत करून बघा. ९८४ कोटींवर अर्धा टक्का जास्त व्याज म्हणजे वर्षाला ४ कोटी ९२ लाख. रिपोर्टमध्ये लिहायला झकास, "व्याजाच्या उत्पन्नात वाढ" म्हणून. पण त्यासाठी ९८४ कोटी पणाला लावलेत हे त्या ओळीत कुठे दिसत नाही. ठेव विमा खातेदारामागे ५ लाख, तोसुद्धा फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी १ लाख. कोटीवाल्याला विमा नसल्यातच जमा.

इंग्लंडमध्ये कौन्सिलांच्या (म्हणजे तिथल्या महापालिका-जिल्हा परिषदांच्या) खजिन्यासाठी जी नियमावली आहे तिच्यात क्रम ठरलेला आहे: आधी मुद्दल सुरक्षित, मग लागेल तेव्हा रोकड हातात, आणि सगळ्यात शेवटी व्याज. पण नियमावली कपाटात असून भागत नाही, हे त्यांनी चांगलंच अनुभवलंय. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या तेव्हा शंभराच्या वर ब्रिटिश कौन्सिलांचे मिळून शंभर कोटी पौंडांच्या आसपास तिथे अडकले होते, एकट्या केंट काउंटीचे पाच कोटी पौंड. बहुतेक पैसे नंतर परत आले, पण वर्षं गेली. नंतरच्या चौकशीत निघालं की काहींनी तर त्या बँकांचं रेटिंग घसरल्यावर सुद्धा पैसे टाकले होते.

अमेरिकेत ऑरेंज काउंटीची केस तर याच्या वरताण. तिथला खजिनदार रॉबर्ट सिट्रॉन, निवडून आलेला माणूस, वर्षानुवर्षं आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा जास्त परतावा द्यायचा म्हणून लोक त्याला डोक्यावर घ्यायचे. लोकांचे साडेसात अब्ज डॉलर, त्यावर उधारी घेऊन वीस अब्जांच्या वर खेळ, सगळा डाव व्याजदर खालीच राहतील यावर. १९९४ मध्ये दर वाढले, दीड अब्जाच्या वर खड्डा पडला आणि ६ डिसेंबरला काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस ओरडून सांगत होता की हे बुडणार, आणि तो हरला! जास्त व्याज देणाऱ्याला कोण हरवणार. आपल्याकडे निदान हा खेळ होऊ शकत नाही, मुंबईचा १८८८ चा कायदा असो की बाकी महापालिकांचा १९४९ चा, शिल्लक पैसा बँकेत व्याजाने ठेवा नाहीतर सरकारी रोख्यांत घाला, एवढंच. शेअर नाही, उधारीवर सट्टा नाही. जुन्या काळातल्या या कंजूस कलमांना माझ्याकडून एक स्टार. खरंच.

आता मुंबई. मुंबईशिवाय हा रिव्ह्यू म्हणजे मिसळीशिवाय कोल्हापूर. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या एफड्या २०२२ च्या सुमारास ९१-९२ हजार कोटींपर्यंत गेल्या होत्या, २०२५ मध्ये ८२ हजार कोटींच्या आसपास आल्या. इथे ०.१ टक्क्याचा फरक पण वर्षाला ८० कोटींचा होतो, म्हणून यांना व्याजाकडे बघूच नका असं मी पण म्हणणार नाही. मोठ्या ठेवींचं दुकानच वेगळं असतं, ३ कोटी आणि त्यावरच्या ठेवीला बँक आपला बोर्डावरचा दर लावत नाही, रोजचा वेगळा दर असतो, महापालिका बँकांकडून दर मागवते आणि ज्याचा बरा त्याला देते. वाचायला सोपं वाटतं. पण त्या दरात बारीक अक्षरं असतात. मुदतीआधी मोडता न येणारी ठेव घेतली तर दर थोडा जास्त मिळतो, आणि मग पावसाळ्यात अचानक पैसे लागले की कपाळाला हात. म्हणून जाणकार माणूस पायऱ्या लावतो, थोडे तीन महिन्यांचे, थोडे वर्षाचे, थोडे तीन वर्षांचे, म्हणजे दर महिन्याला काहीतरी पिकत राहतं. आपल्या आज्ज्या भिशी, पोस्ट आणि सोनं अशा तीन ठिकाणी ठेवायच्या तेच हे.

मुंबईच्या ठेवींवरून दरवर्षी एकच भांडण, "एवढे पैसे पडून आहेत!" पंतप्रधानांनी पण जानेवारी २०२३ मध्ये बीकेसीतल्या सभेत मुंबईचा पैसा बँकांत कोंडून ठेवण्यावर बोट ठेवलं होतं. मला हे वाक्य अर्धं पटतं. अर्धं नाही पटत कारण त्या ठेवींतला मोठा हिस्सा महापालिकेचा नाहीच, कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, पेन्शन, ठेकेदारांची अनामत, ते सगळं एक दिवस परत द्यायचंय. सोसायटीत पण नवीन मेंबर येतो आणि म्हणतो चौदा लाख पडलेत तर पेंटिंग करून घेऊ, त्याला सांगावं लागतं की बाबा हे पेंटिंगचे नाहीत. आणि अर्धं पटतं कारण उरलेला पैसा ज्या कामासाठी ठेवलाय ते काम लांबत गेलं की त्याचा खर्च व्याजापेक्षा जोरात वाढतो. एफडी सात टक्क्यांनी वाढतेय आणि पुलाचं एस्टिमेट उडी मारतंय, ही पण जोखीमच आहे, फक्त ती ठेवीच्या पावतीवर छापलेली नसते. गेल्या काही वर्षांत चित्र उलटं झालंय, किनारी रस्ता, मलजल प्रक्रिया केंद्रं, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, हाती घेतलेल्या कामांची देणी ठेवींपेक्षा कितीतरी मोठी झालीत. त्यामुळे आता प्रश्न "पडून का" हा नाही, कुठली पावती कधी मोडायची हा आहे.

आता माझी खरी तक्रार. कायद्यात पद्धत अशी की आयुक्त पैसे गुंतवणार, पण मंजुरी नगरसेवकांच्या स्थायी समितीची. म्हणजे ठेवणारा एक आणि विचारणारा दुसरा. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली, आमच्या पिंपरी-चिंचवडची पण संपली, आणि निवडणुका झाल्या त्या थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं सरकारने नेमलेला प्रशासक. प्रशासक आयुक्ताच्या खुर्चीतून प्रस्ताव पाठवणार आणि समितीच्या खुर्चीत बसून तोच मंजूर करणार. कुठल्या अधिकाऱ्याच्या सचोटीवर शंका नाही घेत, चांगले लोक आहेत. पण आमच्या सोसायटीत चेकवर दोन सह्या लागतात, खजिनदार आणि सेक्रेटरी, त्या मी एकट्याने केल्या तर उद्या बत्तीस घरं दारात येतील. (नगरसेवक असताना सगळं छान चाललं होतं असं पण नाही, २०२० मध्ये ते होतेच की. पण निदान सभेत आरडाओरडा होतो, पेपरात येतं.)

आणि जोखीम म्हणजे फक्त बँक बुडणं असं पण नाही. कर्नाटक सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये दोन मोठ्या सरकारी बँकांतली आपली सगळी खाती बंद करायचा आदेश काढला होता. का, तर औद्योगिक क्षेत्र मंडळाचे १२ कोटी आणि प्रदूषण मंडळाचे १० कोटी एफडीतून परतच येईनात, खोटी कागदपत्रं वापरून पैसे भलतीकडे वळवल्याची प्रकरणं. चार दिवसांत आदेश थांबवला तो भाग वेगळा. सांगायचं काय तर बँक सरकारी, दणदणीत, बुडायचा प्रश्न नाही, आणि तरी पैसे गायब. पावती फाईलमध्ये आहे म्हणजे पैसे बँकेत आहेत असं नसतं. त्यामुळे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवले की झोपा काढा, हे धोरण पण अपुरंच. दर तिमाहीला बँकेच्या मुख्य ऑफिसकडून, शाखेकडून नाही, शिलकेचं पत्र मागवायचं आणि ते आपल्या रजिस्टरशी ताडायचं. कंटाळवाणं काम आहे, कुणी त्याचं उद्घाटन करायला येत नाही.

तर स्टार. कायदा कंजूस आहे, सट्टा करू देत नाही, एक. रोज इतक्या हजार कोटींच्या पावत्या सांभाळून पगार, पेन्शन वेळेवर जातात, हे सोपं काम नाही, आणि ते करणाऱ्या लेखा विभागातल्या लोकांचं नाव कधी कुठे येत नाही, त्यांना एक. नशिबाचा एक, वर सांगितला. अर्धा स्टार २०२० नंतर निदान हा विषय लोकांच्या तोंडी आला म्हणून. उरलेला दीड मी राखून ठेवलाय. दर महिन्याला एक साधा तक्ता, कुठल्या बँकेत किती, कुठल्या दराने, कधी पिकणार, एका बँकेत जास्तीत जास्त किती टक्के ठेवायचे ते ठरलंय का, आणि त्यातले आपले किती आणि दुसऱ्यांचे किती. मराठीत, वेबसाईटच्या पहिल्याच पानावर, टेंडर आणि उद्घाटनांच्या फोटोंच्या वर. तो आला की देतो दीड.

आमच्याकडे तो तक्ता आता लिफ्टशेजारी लावलेला असतो, वहीचं पान फाडून, तीन बँका, पाच पावत्या. त्यातली एक पुढच्या ११ तारखेला पिकतेय. सेक्रेटरी काका काल जिन्यात भेटले, हातात कुठल्याशा पतसंस्थेचं हँडबिल. "बघ तरी," म्हणाले, "सव्वा टक्का जास्त आहे." मी हँडबिल घेतलं, घडी घातली, आणि त्यांना विचारलं तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दाखवलंत का.